ह्यांच्या सात पेट्या

वाचकाचं पत्र : माझे यजमान ठाणे जिल्ह्यात एका दैनिकाचे बातमीदार होते. बत्तीस वर्षं. गेल्या श्रावणात ते गेले. मागे पेन्शन नाही, पण कात्रणांनी भरलेल्या सात लोखंडी पेट्या आहेत. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आणि घोडबंदर रोडला वन बीएचके भाड्याने घ्यायचं. मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणतो, “आई, सगळं गुगलवर असतं. ही रद्दी कुठे वाहून न्यायची?” ह्यांच्या मित्रांना स्मृतिग्रंथ काढायचा आहे. मुद्रकाने एक लाख वीस हजार सांगितले, ते माझ्या मुदतठेवीतून जातील. खरं सांगू का? मला या पेट्यांचा रागच आहे. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने घालून मी पाटावर बसले होते, बायका हळदीकुंकवाला येत होत्या आणि हे उरणला. दोन दिवसांनी आले, ते आल्या आल्या लिहायला बसले. जुन्या बातम्या वाचतं कोण? एका कात्रणाचा फोटो सोबत पाठवते आहे. काय करू ते सांगा. – एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई,

रद्दीवाल्याला बोलावलं नसेल तर थांबा. मुद्रकाला आगाऊ रक्कम दिली नसेल तर तीही देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते, बाकी सावकाश.

तुम्ही पाठवलेला कात्रणाचा फोटो मी तीनदा वाचला, खाडीवरच्या मालिकेचा पाचवा भाग. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी एकवीस वर्षं गेली, त्यामुळे पहिल्या वाचनाला हातात लाल पेन होतंच. शीर्षक लांब आहे. पहिला परिच्छेद खाडीवरच्या सूर्योदयात वाया घालवलाय. दुसऱ्या कॉलमला मात्र मी पेन खाली ठेवलं. तुमचे यजमान खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात लागोपाठ पाच शनिवार गेलेत. पाचव्या शनिवारी होडीत बसलेत, आणि जाळं वर आल्यावर त्यात काय निघालं ते ओळीने लिहिलंय. कोळंबी दीड पाटी, बोय चौदा, चिंबोऱ्या नऊ, जिताडा एकच आणि तोही हातभर नाही. मग काठावर मासळी निवडणाऱ्या बाईला त्यांनी विचारलंय, पाण्याला वास कधीपासून येतो? तिला साल सांगता येत नाही. ती म्हणते, थोरलीच्या वेळी पोटुशी होते तेव्हा वास नव्हता, धाकटीच्या वेळी होता. यावर त्यांनी दोन्ही मुलींची वयं विचारून घेतली आणि कंसात लिहिली.

त्या कंसासाठी मी तुम्हाला एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसले आहे.

त्या वर्षीची मासळी सरकारी दप्तरात टनांत असेल, सगळ्या जिल्ह्याची मिळून. त्या होडीत, त्या भरतीला काय आलं, हे तिथे सापडणार नाही. आणि ते कधीतरी लागतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरणच्या पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना भरपाई द्यायचा निकाल दिला. पुढे ते प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, तो विषय वेगळा. पण असल्या कुठल्याही लढ्यात समोरचा पहिला प्रश्न हाच टाकतो की आधी काय मिळत होतं, दाखवा. कोळ्याच्या घरी पावत्यांची फाइल नसते. कात्रण म्हणजे कोर्टात सिद्ध झालेला पुरावा नव्हे, हे खरं. पण कोणाला साक्षीला बोलवायचं आणि कुठल्या सालापासून विचारायला सुरुवात करायची, ते असल्या एका कंसातून कळतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याच्यावर चिडू नका. त्याचं बालपण या पेट्यांना ठेचाळत गेलंय. फक्त एक करा. एका रविवारी त्याला त्याच्याच लॅपटॉपवर बाबांची मालिका शोधायला बसवा. आपली मराठी दैनिकं इंटरनेटवर आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी. त्याच्या आधीचं कुणी बसून चढवलं असेल तरच आहे. सुरुवातीच्या काळात प्रत्येकाचा फाँट वेगळा होता, कुठल्याही संगणकावर अक्षरं सारखी उघडणारा युनिकोड वापरात नव्हता. त्यामुळे त्या वेळची पानं आज उघडलीच तर चौकोन आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आणि जिल्ह्याचं पान? ते तर छापून, वाचून, वड्याखाली जाऊन संपायचं. आयटीतल्या माणसाला हे अर्ध्या तासात पटेल, तुम्हाला वाद घालायलाच लागणार नाही.

जुन्या बातम्या कोण वाचतं, असं तुम्ही विचारलंत. प्रामाणिक उत्तर देते, फारसं कुणी नाही. मला तर शंका आहे, ज्या दिवशी हा पाचवा भाग छापून आला त्या दिवशीही शेवटपर्यंत फार थोड्यांनी वाचला असेल. लोक पान उलटून क्रिकेटकडे गेले असतील. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी ‘रपट’ नावाच्या आपल्या छोट्याशा साप्ताहिकात १९८२ साली युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या धोक्याबद्दल लिहिलं. पुन्हा लिहिलं. १९८४ साली ‘जनसत्ता’तही लिहिलं. कुणी हललं नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला. त्यानंतर मात्र ‘आम्हाला काही कल्पनाच नव्हती’ असं म्हणायची सोय उरली नाही, कारण ते तारखेनिशी छापलेलं होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांना हे उदाहरण लांबचं वाटू नये.

वाचक पुष्कळ वर्षांनीही येतो, आणि कुठून येईल ते सांगता येत नाही. डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं आणि थोड्याच वर्षांत बंद पडलं. तेव्हाच्या मोठ्या पत्रांपुढे त्याचा खप तो किती असणार! पण कुणीतरी ते अंक सांभाळले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ आणि त्यांचंच नंतरचं पत्र ‘बहिष्कृत भारत’ एकत्र खंडात छापले. म्हणून आज नेरुळच्या हॉस्टेलवरची मुलगी महाडच्या सत्याग्रहाबद्दल त्या दिवसांत काय लिहिलं गेलं ते थेट वाचू शकते. मधल्या माणसाने सांगितलेलं ऐकायची गरज तिला पडत नाही.

आता संक्रांतीकडे येते. तुम्ही साल लिहिलेलं नाही. पण संक्रांत आणि उरण हे दोन शब्द शेजारी आले की या भागातल्या जुन्या पत्रकाराला एकच साल आठवतं, १९८४. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले होते. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं धोरण पुढे त्याच लढ्यातून आलं, आणि आज नवी मुंबईत कितीतरी व्यवहार त्या ‘साडेबारा टक्क्या’च्या भूखंडांवरून होतात. तुमची पहिली संक्रांत ती असेल, तर पेट्यांपैकी एकीत ते दोन दिवस असणार.

हे वाचून तुमचा राग जावा अशी माझी अपेक्षा नाही. का जावा? हलव्याचे दागिने एकदाच घालायला मिळतात. बातमीदाराला घरचं कुणीतरी पोसत असतं म्हणून तो पाच शनिवार खाडीवर जाऊ शकतो. ऑफिस त्याला त्या पाच शनिवारांचे वेगळे पैसे देत नाही, आणि स्ट्रिंजर, म्हणजे पगारी नसलेला बातमीदार, असेल तर छापून आलेल्या कॉलम-सेंटीमीटरवर हिशेब. उरलेले सेंटीमीटर तुम्ही भरलेत, रात्रीचा भात झाकून ठेवून. म्हणून पुस्तक निघालं तर त्याची प्रस्तावना कुठल्या मंत्र्याला किंवा संपादकाला मागू नका. पहिली दोन पानं तुम्ही लिहा. त्या संक्रांतीबद्दल लिहा, आणि रागासकट लिहा. बायका विचारत होत्या ‘हे कुठे आहेत?’, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, ते मला वाचायचं आहे.

स्मृतिग्रंथाला मी नाही म्हटलं त्याचं कारण सांगते. असले ग्रंथ मी ढिगाने तपासले आहेत. पुढे रंगीत फोटो, मग शुभसंदेश, मग ‘दिलखुलास माणूस’, ‘हसतमुख मित्र’ असे अठरा लेख, मागे पतपेढ्यांच्या जाहिराती. ज्याचा ग्रंथ त्याचं स्वतःचं लेखन शोधायला गेलं तर चार पानं. मित्रांची माया खोटी नसते, पण तिला एक लाख वीस हजार कशाला? त्यांना सांगा, तुम्ही प्रत्येकी दहा प्रतींची आगाऊ नोंदणी करा. माया किती खरी तेही कळेल.

काढायचा तर त्यांच्या लेखांचा संग्रह काढा. सात पेट्यांतून तीस-पस्तीस लेख पुरेत. उद्घाटनं, भाषणं, पत्रकार परिषदा बाजूला ठेवा. निवडणुकीचे अंदाज बाजूला, चुकलेले असतील तर नक्कीच. ‘शासनाने याकडे गांभीर्याने पाहावे’ अशा ओळीवर संपणारी मतंही बाजूला. आगरकरांचे निबंध आपण सव्वाशे वर्षांनंतर वाचतो, पण प्रत्येक बातमीदार आगरकर नसतो, तुमचे यजमानही नसावेत. माझी खूण साधी आहे. जिथे ते दुसऱ्यांदा गेले, ते लेख ठेवा. तुमच्याकडे २०१३ च्या एप्रिलमधली शिळफाट्याची कात्रणं असतील, लकी कंपाउंडची इमारत पडली तेव्हाची. ७४ माणसं गेल्याची बातमी सगळ्यांकडे आहे, ती नको. पण पावसाळा गेल्यावर ते परत तिथे गेले असतील, ती इमारत एवढ्या थोड्या दिवसांत उभी कशी राहिली, वाचलेली माणसं आता कुठे राहतात, हे विचारत फिरले असतील, तर ते कात्रण सोन्याचं समजा.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. पी. साईनाथ १९९३ पासून देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरले आणि दैनिकासाठी लिहीत राहिले. त्या लेखांचं पुस्तक १९९६ साली आलं, मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ म्हणून उपलब्ध आहे. त्यात ओडिशातल्या एका गो-संवर्धन योजनेची हकिकत आहे. गरिबांना जर्सी जातीची वासरं मिळावीत म्हणून सरकारने गावातले देशी वळू सरसकट खच्ची केले. दोन वर्षं आणि दोन कोटी रुपये खर्च झाल्यावर संकरित वासरं जन्मली किती? आठ. योजनेच्या उद्घाटनाची बातमी आज कुणाच्याही लक्षात नाही. आठ वासरं मी विसरू शकत नाही, कारण कुणीतरी योजना संपल्यावर परत जाऊन ती मोजली. अनिल अवचटांचंही तसंच. बिहारच्या दुष्काळात फिरून आल्यावर त्यांचं ‘पूर्णिया’ १९६९ साली आलं, आणि पुढची कितीतरी पुस्तकं आधी नियतकालिकांतून लेख म्हणून छापून आलेली होती. सुटे राहिले असते तर मासिकांबरोबर गेले असते.

एक कबुली इथे द्यायला हवी. रात्री साडेदहाला जाहिरात वाढली की आम्ही डेस्कवाले बातमी खालून कापायचो. न वाचता, शेवटचे दोन परिच्छेद. कारण महत्त्वाचं वर असतं, असं आम्हाला शिकवलेलं. पण ‘हे’ ज्या जातीचे बातमीदार होते त्यांचं महत्त्वाचं नेमकं खाली असायचं. त्या मासळीवाल्या बाईसारखं. अशा किती बायका माझ्या हातून गेल्या असतील, मला माहीत नाही. म्हणून पेट्यांत हाताने लिहिलेली कॉपी, कार्बन प्रत किंवा खिशातल्या छोट्या डायऱ्या असतील तर त्या आधी वेगळ्या काढा. छापलेल्या मजकुराशी ताडून पाहा आणि कापलेलं परत जोडा. त्यांची भाषा मात्र सुधारायला जाऊ नका. चूक असेल तर ती तशीच ठेवून खाली टीप द्या. आणि जमेल तिथे ‘पुढे काय झालं’ म्हणून दोन ओळी घाला.

हक्कांची काळजी तुमच्या पत्रात नाही, पण कुणीतरी घाबरवेलच, म्हणून लिहिते. नोकरीत असताना लिहिलेला मजकूर वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापायचा हक्क मालकाचा. बाकीचे हक्क, म्हणजे पुस्तकाचाही, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाचेच राहतात, नेमणुकीच्या करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. लेखकाच्या पश्चात ते वारसांकडे येतात आणि साठ वर्षं टिकतात. तरी नेमणूकपत्र शोधून एकदा वकिलाला दाखवा, आणि ऑफिसला सौजन्याचं पत्र टाका. छायाचित्रं मात्र त्यांनी स्वतः काढलेली असतील तेवढीच घ्या.

पैशाचं थोडक्यात. मुदतठेव मोडायची नाही. डिजिटल छपाईत शंभर-दीडशे प्रतीही निघतात, हजाराची सक्ती नाही. डीटीपीवाल्याकडून फाइल युनिकोडमध्येच घ्या. जुन्या फाँटमध्ये टाइप केलंत तर दहा वर्षांनी नातीला तेच चौकोन दिसतील. फोनवरून फोटो काढून मजकूर उचलता येतो, पण जुन्या खिळ्यांची छपाई असेल तर ‘भ’ चा ‘म’ होतो, तेव्हा मुद्रितशोधन माणसानेच करायला हवं. ते मी करीन. पैसे नकोत, माझ्या डोक्यावर वर सांगितलेलं कर्ज आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सरकार फुकट देतं. पुस्तक निघालं की कायद्याने चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईतलंही एक आहे. बहुतेक हौशी प्रकाशक ही प्रत चुकवतात. तुम्ही चुकवू नका. सगळ्या प्रती नातेवाइकांच्या कपाटात गेल्या तरी त्या चार तुमच्या हातून बाहेर जातील.

कात्रणं हाताळताना स्टेपलच्या पिना काढा, त्या गंजून कागद खातात. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा लगदा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे उजेड-हवा लागली की तो पिवळा पडतो आणि मग घडीवर तुटतो. सकाळी खिडकीशी, थेट ऊन न पडता, एकेकाचा फोटो काढा. हे काम मुलाला द्या, त्याला आवडेल. डांबराच्या गोळ्या पेटीत ठेवा, कागदाला चिकटून नकोत.

निवड झाल्यावर पेट्यांतलं काय, कुठल्या सालचं, अशी साधी वहीत यादी करा आणि मग आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला फोन करा. १८९३ पासून ठाण्यात आहे ते, कागदाची कदर असलेली जागा आहे. पण आधी यादी, मग फोन. टेम्पोत पेट्या घालून दारात नेऊन उभ्या करू नका. ग्रंथपालांची त्याने फार पंचाईत होते. उद्घाटनं-भाषणं रद्दीत गेली तरी माझी हरकत नाही. सातांतल्या पाच पेट्या रिकाम्या होतील असा माझा अंदाज आहे, आणि उरलेल्या दोन वन बीएचकेच्या पलंगाखाली मावतात.

फोटोबद्दल एक राहिलं. कात्रण कापताना त्यांनी वरची तारखेची पट्टी ठेवलेली नाही, किंवा तुमच्या फोटोत ती आली नाही. ‘भाग पाचवा व शेवटचा’ दिसतं, तारीख दिसत नाही. थोरली अकरा वर्षांची आणि धाकटी सात, असं त्या कंसात आहे, पण कुठल्या सालापासून मोजायचं तेच कळत नाही. मागच्या बाजूला कुठला सिनेमा लागलाय किंवा कसली जाहिरात आहे ते बघा. नाहीच लागलं तर आधीचे चार भाग शोधा, एखाद्यावर त्यांनी पेनाने तारीख घातली असेल. मिळाली की कळवा.